टॅबांच्या दोन ओळी आणि बच्छावबाई

बच्छावबाईंनी आयुष्यात एकदाच नेलपॉलिश वापरलं, आणि तेही कॉम्प्युटरच्या काचेवर.

सकाळी मी ड्यूटीवर आलो तर केसपेपरच्या खिडकीतल्या मॉनिटरवर लालभडक आकडे. एक ते चौदा. स्क्रीनवरच्या प्रत्येक टॅबच्या डोक्यावर एकेक आकडा, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांना नंबर द्यावेत तसा. शेजारी बाई उभ्या. हातात कुठल्याशा सिस्टरकडून मागून आणलेली ती एवढीशी बाटली आणि चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

“आता बोला ऑपरेटर,” त्या म्हणाल्या. “पत्ता कुठं?”

“दोन नंबर.”

“रक्तगट?”

“नऊ नंबर.”

“दाबा नऊ.”

मी नऊ दाबला. क्षणात वरची सातांची ओळ खाली आली, खालची वर गेली आणि बाईंच्या आकड्यांखाली भलतीच नावं येऊन बसली. नऊच्या खाली पत्ता आणि दोनच्या खाली रक्तगट. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हाई काय शे?”

बाई मूळच्या सटाण्याकडच्या. वीसेक वर्षं नाशकात काढून त्यांचं मराठी अगदी शहरी झालं होतं, पण संताप अनावर झाला की अहिराणी बाहेर यायची. हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई अहिराणीत शिरल्या की वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दुसऱ्या दारानं जात.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, नाशकातल्या द्वारका चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. निफाडच्या द्राक्षबागेत पाठीत चमक भरलेला माणूस असो की हरसूलच्या डोंगरातून जीप करून आणलेलं तापलेलं पोर, आधी यायचं ते केसपेपरच्या खिडकीशी, म्हणजे बच्छावबाईंपाशी. बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, काटक. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या, एक काळी आणि एक लाल. काळीनं सगळं लिहायचं. लाल फक्त एकाच कामाला: एखाद्या पेशंटला एखादं औषध चालत नसेल, अंगावर उठत असेल, तर त्याच्या गुलाबी कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात त्या औषधाचं नाव. या नोंदीला बाई ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणत. लाल पेन्सिल दुसऱ्या कोणी उचलली की त्या हातावर पट्टी मारत. एकदा एका मोठ्या सर्जनच्या हातावर मारली होती. त्यांनी पेन्सिल परत दिली आणि सॉरी म्हणाले.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत. हुद्द्यानं मारत. मी ‘ऑपरेटर’. दाणीसाहेब ‘प्रशासक’. तोंडावरसुद्धा. “अहो प्रशासक, पंखा बंद आहे.” दाणीसाहेबांना ते आवडत नसे, पण हुद्दा तोच असल्यामुळे तक्रार कशाची करणार?

तर नव्वदचं दशक संपता संपता दाणीसाहेबांनी हॉस्पिटलात सॉफ्टवेअर आणलं. नारळ फोडला, मॉनिटरला झेंडूची माळ घातली, ट्रस्टींच्या हस्ते बटण दाबलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून निखिल नावाचा इंजिनिअर आला होता. गोरा, नम्र, बोलताना सारखा “बेसिकली” म्हणणारा. ओपीडीच्या हॉलमध्ये आम्हा सगळ्यांचं ट्रेनिंग झालं. मला कॉम्प्युटर येत असल्यामुळे माझी नेमणूक बाईंच्या शेजारी झाली. त्यांना शिकवण्यासाठी, असं ऑर्डरमध्ये लिहिलं होतं.

“मॅडम, ह्या टॅब,” निखिल म्हणाला. “बेसिकली, फायलीला वर कान असतात ना, तसे.”

“चौदा कान?”

“माहिती जास्त आहे ना मॅडम. म्हणून दोन ओळी.”

“फायलीचा कान धरला तर कपाटातला मागचा खण पुढं येतो का?”

निखिल हसला. बाई हसल्या नाहीत. त्या शाळेत असताना तालुक्याच्या संघातून खो-खो खेळलेल्या. “खो दिला की एक गडी उठतो,” त्या म्हणाल्या. “बाकीचे आपापल्या जागी बसून राहतात. इथं एकाला खो दिला की अख्खी रांग उठून पळते. कोणत्या मास्तरनं शिकवला हा खेळ?”

“सवय होईल मॅडम.”

“कोणाला? मला की त्याला?”

खरं सांगायचं तर मी तेव्हा निखिलच्या बाजूचा होतो. चोवीस वर्षांचा होतो, कोर्स केलेला होता आणि ज्याला माउस धरता येत नाही तो माणूस मागासलेला असं माझं स्वच्छ मत होतं. पण बाईंना माउस उत्तम धरता यायचा, हीच अडचण होती. आठवड्यात त्या माझ्यापेक्षा वेगानं टाइप करायला लागल्या. येत नाही म्हणून भांडणारी बाई समजावता येते. येतं आणि तरी भांडते, तिचं काय करायचं?

एका सोमवारी निफाडकडची एक पहिलटकरीण आली, आईबरोबर. बाईंनी तिची सगळी माहिती विचारून विचारून पाच टॅबमध्ये भरली. गर्दी खिडकीबाहेर पायऱ्यांपर्यंत गेली होती. शेवटी बाईंनी ‘जतन’ दाबलं, आणि जतन झाला फक्त पाचवा टॅब. आधीचे चार कोरे. पोरगी कळा सोसत समोर उभी, आणि बाईंना पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं, “बाळा, नाव काय तुझं?” पोरीच्या आईनं आमच्याकडे असं पाहिलं की ते अजून आठवतं.

मी निखिलला फोन लावून दिला.

“बेसिकली, प्रत्येक टॅब वेगळा सेव्ह करायचा मॅडम. फक्त ‘डिस्चार्ज’मध्ये सेव्ह केलं तर सगळे होतात.”

“आणि ‘रद्द’?”

“ते सगळीकडे सगळंच रद्द करतं.”

“म्हणजे ठेवायचं असेल तर एकेक, आणि घालवायचं असेल तर एका फटक्यात,” बाई म्हणाल्या. “इंजिनिअर, तुम्ही एकदा ह्या खिडकीत बसा. बाहेर कळा देणारी बाई मी उभी करते.”

नेलपॉलिश त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. ओळी पळतात हे ठाऊक असूनही, जागेला नंबर दिला की खेळ ताळ्यावर येईल अशी बाईंना आशा होती. ते स्पिरिटनं पुसायला मला अर्धा तास लागला.

मग बाईंनी तपास सुरू केला. दुपारी खिडकी बंद झाली की त्या मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून कॉम्प्युटरसमोर बसवत. “ह्या पेशंटची रिअ‍ॅक्शन कुठं लिहिलीय ते शोधा.” एवढंच. मदत करायची नाही, मलाही तोंड उघडू द्यायचं नाही. फिजिशियनसाहेबांना तीन मिनिटांनी ‘धर्म’ सापडला. मेट्रन दोन ओळींमध्ये वरखाली करून थकल्या आणि आपण कुठला टॅब पाहिला, कुठला नाही, हेच विसरल्या. एक ट्रस्टी तर “माझा चष्मा गाडीत राहिलाय” म्हणून गेले ते त्या आठवड्यात परत आले नाहीत. सापडलं फक्त आमच्या वाघमामांना. वाघमामा शिपाई. ते डावीकडून एकेक दाबत शेवटपर्यंत गेले, कारण त्यांना वाचायचा कंटाळा होता.

रिअ‍ॅक्शन होती चौदाव्या टॅबवर. टॅबचं नाव ‘इतर माहिती २’. ‘इतर माहिती १’ मध्ये पेशंटच्या वाहनाचा क्रमांक होता.

बाई हे सगळं टिपलेला कागद घेऊन दाणीसाहेबांकडे गेल्या. मी मागे.

“प्रशासक, हे दिसत नाही.”

“आहे ना पण सिस्टिममध्ये?”

“असेल. दिसत नाही.”

“बाई, शोधणाऱ्यानं शोधलं पाहिजे. आपण इतका मोठा बदल करतोय, तुम्ही त्याला विरोध करताय.”

“मी विरोध करत नाही. मी ते डोळ्यासमोर आणा म्हणतेय.”

दाणीसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी हे सॉफ्टवेअर ट्रस्टींना भांडून मंजूर करून घेतलं होतं, आणि आता त्यात खोट आहे म्हणणं त्यांना स्वतःतच खोट आहे म्हणण्यासारखं वाटत होतं. त्यांनी लेखी हुकूम काढला: गुलाबी कार्डं बंद, जुनी सगळी जिन्याखालच्या खोलीत कुलपात. बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच पुठ्ठे कापून कार्डं केली. मेमो आला. बाईंनी त्याच कागदाच्या मागं उत्तर लिहिलं: “मेमो मिळाला. एका पानावर असल्यामुळे लगेच दिसला. कार्ड लिहिणे चालू आहे.”

पुठ्ठ्याची कार्डंही जप्त झाली. तेव्हा बाईंनी सेफ्टीपिनांचं पाकीट आणलं.

रिअ‍ॅक्शनवाला पेशंट आला की सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, चौदाव्या टॅबसकट, अगदी नियमानं. मग चिठ्ठीवर लाल पेन्सिलीनं औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती पेशंटच्या सदऱ्याला किंवा पदराला टाचायची. “काढायची नाही. डॉक्टरनं सांगितलं तरी नाही.” दोन दिवसांत ओपीडीत चिठ्ठ्या लावलेली माणसं फिरताना दिसायला लागली.

दाणीसाहेब खिडकीशी आले. “बाई, हे हॉस्पिटल आहे की लाँड्री?”

“लाँड्रीत कपड्यांची अदलाबदल झाली तर कोणी मरत नाही,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला पिन लावली.

साहेबांनी सांगितलं की सोमवारी ट्रस्टींची मीटिंग आहे, तिथं तुमचा विषय ठेवतो. बाई म्हणाल्या, ठेवा.

त्या शनिवारची गोष्ट. हरसूलकडचे एक म्हातारे आले होते, पायाला मोठं गळू झालेलं, अंगात सणसणून ताप. पुतण्यानं धरून आणलेलं. आधीही येऊन गेलेले असल्यामुळे नाव घालताच जुनी नोंद निघाली. बाईंनी चौदाही टॅब उलटसुलट करून पाहिले, चिठ्ठी लिहिली, टाचली. म्हातारे वर वॉर्डात गेले. तिथं जाधव सिस्टर होती, नवीन लागलेली, हुशार मुलगी. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं. तिनं नियमाप्रमाणे वॉर्डच्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली. पहिला टॅब पाहिला, ‘पूर्वीचे आजार’ पाहिला, ‘औषधे’ पाहिला. कुठंच काही नव्हतं. तिनं टेस्टची सुई भरली आणि म्हाताऱ्यांचा सदरा सारायला गेली, तर हाताला पिन लागली.

“बाबा, हे काय लावलंय?”

“त्या खिडकीवाल्या बाईनं लावलं. काढू नको म्हनली. लय रागावती ती.”

सिस्टरनं चिठ्ठी वाचली. लाल अक्षरात ‘पेनिसिलिन’, आणि खाली ‘मागच्या वेळी श्वास कोंडला होता’. ती तशीच सुई ट्रेमध्ये ठेवून खाली बसली. मग जिना उतरून आमच्या खिडकीशी आली. “बाई, मी टोचणारच होते,” एवढंच म्हणाली. बाईंनी खिडकी लावून घेतली, तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, “ऑपरेटर, जरा बाहेर थांबा.” मी थांबलो.

सोमवारी मीटिंगला बाई गेल्या त्या जाधव सिस्टरला आणि मला घेऊन. ट्रस्टी, डॉक्टर, दाणीसाहेब, आणि पुण्याहून मुद्दाम बोलावलेला निखिल. एक ट्रस्टी सिस्टरला म्हणाले, “तुम्ही चौदावा टॅब का पाहिला नाहीत?” मुलीनं मान खाली घातली. बाई उठल्या.

“तिला काही विचारायचं नाही. तिनं तीन ठिकाणी पाहिलं. तुम्हाला मी दुपारी बसवलं होतं, तुम्ही एका ठिकाणी पाहिलं आणि चष्मा आणायला गेलात.”

मी टेबलाखाली मांडीला चिमटा काढला, कारण मला हसू येत होतं आणि नोकरीही हवी होती.

निखिल म्हणाला, “मॅडम, बेसिकली, एवढी माहिती एका स्क्रीनवर मावत नाही.”

बाईंनी पर्समधून कुलपातून वाचवलेलं एक जुनं गुलाबी कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. “माझ्या कार्डावर मावते.”

निखिलनं कार्ड हातात घेतलं. खूप वेळ पाहिलं. उलटून पाहिलं. मग त्यानं जे विचारलं त्याबद्दल मी त्याला आजही मानतो. “मॅडम, ह्यातलं रोज खरंच लागतं किती?”

“आता विचारलंत,” बाई म्हणाल्या. “हे सहा महिन्यांपूर्वी विचारायचं होतं.”

पुढचे तीन दिवस निखिल केसपेपरच्या खिडकीत बाईंच्या शेजारी बसला. बेसिकली म्हणणं त्यानं दुसऱ्याच दिवशी बंद केलं. महिन्याभरात नवी आवृत्ती आली. टॅब सहा, एकाच ओळीत, जागचे न हलणारे. एकदा ‘जतन’ दाबलं की सगळं जतन. आणि कुठलाही टॅब उघडा, सगळ्यांच्या वर एक लाल पट्टी, तिच्यावर रिअ‍ॅक्शन. ‘वाहन क्रमांक’ गेला तो गेलाच. दाणीसाहेबांनी ट्रस्टींना सांगितलं की ही सुधारणा प्रशासनाच्या पुढाकारानं झाली. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणू दे. पट्टी बारीक आहे, जाड करा म्हणावं.” पट्टी जाड होईपर्यंत त्यांनी पिना लावणं थांबवलं नाही.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात बोला म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “जिन्यातला दिवा गेलाय, तो बदला,” आणि खाली बसल्या. मखमलाबाद नाक्याकडे त्यांच्या दोन खोल्या होत्या, तिकडे त्या राहत एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकी काही आम्ही कधी विचारलं नव्हतं. खिडकीच्या आत राहून त्यांनी हजारो माणसांना घरचं विचारलं, त्यांना मात्र आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

त्यानंतर हॉस्पिटलनं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या नोंदी नव्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. तोवर माझं लग्न झालं होतं, मी ‘सिस्टिम इन्चार्ज’ झालो होतो. एकेक नोंद तपासत असताना ‘नातेवाईक’ या रकान्यात मला एक नाव दिसलं: निर्मला बच्छाव. नातं: बहीण. फोन नंबर: केसपेपरच्या खिडकीचा.

मला वाटलं, हा पेशंट म्हणजे आमच्या बाईंचा भाऊ असेल. पुढं गेलो तर आणखी एक भाऊ. मग आणखी एक. आडनावं पाहिली. पेठकडचे भोये. मालेगावचे शेख. रेल्वेतून उतरवून आणलेले कोणी पिल्ले आडनावाचे. सगळ्यांची बहीण एकच.

जाधव सिस्टर तोवर वॉर्डची इन्चार्ज झाली होती. मी तिला विचारलं. “तुम्हाला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “ज्यांच्याबरोबर कोणी नसायचं ना, ते सगळे. ऑपरेशनच्या वेळी आम्ही खिडकीत फोन करायचो. बाई यायच्या, थिएटरच्या दाराशी थांबायच्या. पेशंट बाहेर आला की त्याला सांगायच्या, मी आहे हो. आणि जायच्या.”

मी बाईंना फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“बाई, तुम्हाला भाऊ किती?”

त्या म्हणाल्या, “तो रकाना रिकामा ठेवला तर पुढं जाऊ देत नव्हतं ते. तुमच्या सॉफ्टवेअरचीच चूक.”

“टिंब टाकलं तरी चालायचं, बाई.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण माणूस खिडकीत उभा असतो, ऑपरेटर. माझ्या बोटांकडे बघत असतो. त्याच्या देखत टिंब कसं टाकायचं?”

मधे एकदा पित्ताच्या खड्यांसाठी त्या स्वतः आमच्याकडे भरती झाल्या होत्या, ती नोंद माझ्यासमोर उघडी होती. नोंद भरणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव होतं. नातेवाईकाच्या रकान्यात एक टिंब होतं.

“बाई, तुमची नोंद नव्यात न्यायची आहे,” मी म्हणालो. “तिथं कोणाचं नाव टाकू?”

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“टाकायचं ते टाका,” त्या म्हणाल्या. “पण आधी तुमच्या बायकोला विचारा. उगाच मागनं कटकट नको.”

मी विचारलं नाही. माझं नाव टाकलं, नात्यात ‘भाऊ’ निवडलं आणि पुढच्या नोंदीवर गेलो.